यूएटी आमच्या गावात करा

साडेनव्व्याण्णव टक्के. सरकारी पोर्टलच्या टेंडरमध्ये अपटाइमचा हा किंवा याच्या आगेमागे आकडा हमखास असतो, म्हणजे एवढा वेळ सिस्टीम चालू पाहिजे, नाहीतर कंपनीला दंड. ऐकायला भारी वाटतं. आता उलटं मोजून बघा. वर्षाचे तास ८,७६०, त्याचा अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ ४४ तास, तेवढा वेळ सिस्टीम झोपली तरी कंपनी पास. आणि कास्तकाराचं पोर्टल झोपतं कधी? मे महिन्यात रात्री तीन वाजता त्याला काही होत नाही, तेव्हा ते मस्त पळतं. ते झोपतं शेवटच्या तारखेच्या आधीच्या दोन दिवसांत, जेव्हा सगळे जिल्हे एकदमच लॉगिन करतात. ते ४४ तास नेमके तिथे खर्च होतात, मुंबईच्या रिपोर्टमध्ये सगळं हिरवं दिसतं आणि तालुक्याच्या सेतू केंद्रासमोर दीडशे माणसं पासबुकाच्या झेरॉक्सी घेऊन उन्हात बसलेली असतात.

हे मी ऐकीव सांगत नाही आहे. नऊ वर्षं एका मोठ्या कन्सल्टिंग फर्ममध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काढली, त्यातली पाचेक वर्षं सरकारी पोर्टलांवर. फर्मचं नाव लिहिणार नाही, तशी गरजपण नाही कारण या धंद्यात एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशी गत आहे. आणि माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, घाटंजीच्या बाजूचं, सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. म्हणजे ज्या खिडकीवर हे पोर्टल चालतं तिच्या आतल्या वायरी मी जोडल्या आहेत आणि बाहेरच्या रांगेत बाबांसोबत उभीपण राहिले आहे. माझं म्हणणं एकच आहे. सरकारी सिस्टीम तयार झाली की नाही (या शेवटच्या तपासणीला आमच्या धंद्यात यूएटी म्हणतात) हे पुण्या-मुंबईच्या कॉन्फरन्स रूममध्ये ठरू नये, गावातल्या खिडकीवर ठरावं, आणि तिथे ठरेपर्यंत कंपनीचा शेवटचा हप्ता सरकारने दाबून ठेवावा.

कोणी म्हणेल हा कंपन्यांचा आणि सरकारचा आपसातला मामला, तुम्हाला काय करायचंय. तर बघा, रेशन अंगठ्यावर आलं त्याला आता बरीच वर्षं झाली. पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर, स्वतःच्या वावरात उभं राहून फोटो काढायचा. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, हमीभावाने कापूस द्यायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा आणि मग स्लॉट घ्या. २०२५-२६ ला लांब धाग्याचा भाव ८,११० रुपये क्विंटल होता, पण तो ज्याचं रजिस्ट्रेशन झालं त्याच्यासाठी, ज्याचं झालं नाही त्याला खेडा खरेदीवाला व्यापारी सांगेल तो भाव. पीक विम्यात २०२५ च्या खरिपाआधी वादळ-गारपिटीचं नुकसान ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, ॲपवर नाहीतर फोनवर, आणि वादळ झालं की आमच्याकडे पहिल्यांदा लाइन जाते आणि मागोमाग टावर जातो, हे ७२ तास ठरवताना कोणाच्या लक्षात आलं असेल का असा मला कायम प्रश्न पडतो. पूर्वी पटवारी भेटला नाही तर माणूस त्याच्या घरी जाऊन ओट्यावर बसायचा, चहा पिऊन काम करून आणायचा किंवा भांडून यायचा. पोर्टलच्या ओट्यावर कुठे जाऊन बसणार? कापसाचा भाव, विमा, कर्ज, धान्य, सगळं आता सॉफ्टवेअरमधून जातं आणि त्यातलं बरंचसं सॉफ्टवेअर माझ्यासारखे लोक बनवतात, जे एखाद्या फर्मच्या पगारावर असतात आणि सहा महिन्यांनी भलत्याच प्रोजेक्टवर असतात.

गावात कन्सल्टिंग म्हणजे काय ते कोणाला सांगता येत नाही. बाबा सांगतात, "पोट्टी पुण्याले कंपुटरच्या कंपनीत हाय", विषय संपला. मलापण पहिली दोन वर्षं नीट सांगता येत नव्हतं. धंदा जुना आहे, अमेरिकेत आर्थर डी. लिटल या केमिस्टची फर्म १८८६ ची, मॅकिन्झी १९२६ ची, आपल्याकडे टीसीएस १९६८ ची, जिच्या नावातच कन्सल्टन्सी आहे आणि जी उभी करणारे फकीरचंद कोहली मूळचे टाटांच्या वीज कंपनीतले इंजिनिअर. म्हणजे सुरुवातीला तरी मशीनजवळ उभं राहून हात काळे करणारी माणसं यात होती. आज मोठ्या फर्मा तीन प्रकारची कामं घेतात. एक फर्म खात्याला सल्ला देते की असं पोर्टल पाहिजे आणि टेंडर लिहून देते, दुसरी ते पोर्टल बांधते, तिसरी खात्यात पीएमयू म्हणून बसते आणि दुसरीचं काम बरोबर चाललंय का ते बघते. तिन्हींची माणसं एकाच कॅन्टीनमध्ये चहा पितात, पुढच्या वर्षी आपसात नोकऱ्या बदलतात आणि तिन्हींपैकी एकीनेही तालुक्याची खिडकी बघितलेली नसते.

का बघितलेली नसते हे समजायला टाइमशीट समजायला पाहिजे.

फर्म विकते काय तर माणसाचे तास. दर शुक्रवारी संध्याकाळी टाइमशीट भरायची, प्रत्येक तासासमोर एक कोड, तो तास बिलेबल आहे की नाही, म्हणजे त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेता येतात की नाही, ते कोडवरून ठरतं. आमच्याकडे बिलेबल तासांचं टार्गेट ८५ टक्के होतं, खाली घसरलं की मॅनेजर लाडाने विचारायचा, "सगळं ठीक ना घरी?" प्रोजेक्ट नसला की बेंच, आणि बेंच म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम, रोज नवा मॅनेजर बघायला येतो, चार प्रश्न विचारतो आणि कळवतो म्हणून जातो. टेंडरच्या वेळी वीस-वीस वर्षं अनुभव असलेल्यांचे सीव्ही लागतात, काम मिळालं की नांदायला येतात आमच्यासारखी दोन वर्षांची पोरं. वरातीतली माणसं वेगळी, घरात राबणारी वेगळी. मी स्वतः तशीच लागले होते, अमरावती विद्यापीठाचं इंजिनिअरिंग करून, कॅम्पसमधून, आणि खोटं कशाला बोलू, त्या पगारानेच घराचा स्लॅब पडला, सोसायटीचं थकलेलं कर्ज फिटलं, भावाचं शिक्षण झालं. कोड लिहायला, दुसऱ्याने केलेली चूक न चिडता दाखवायला, आणि स्वतःची चूक ऐकून घ्यायला मी तिथेच शिकले. तिथली माणसं दुष्ट नव्हती, म्हणून तर हे लिहावं वाटतं. दुष्ट असती तर सोपं होतं, शिव्या दिल्या की झालं.

एकदा मी मॅनेजरला म्हटलं, सर, दोन दिवस जिल्ह्यात जाऊन खिडकीवर बसून बघू या का, लोक अर्ज कसा भरतात ते. तो म्हणाला आयडिया छान आहे, खरंच छान आहे, पण तास कोणत्या कोडवर टाकशील? मी शोधलं. डॉक्युमेंटेशनला कोड होता. स्टिअरिंग कमिटीच्या पीपीटीला कोड होता, त्या पीपीटीच्या रिव्ह्यूला वेगळा कोड होता. गावाला कोड नव्हता.

आता त्या पोर्टलमध्ये काय झालं ते सांगते. कोणत्या खात्याचं ते सोडा, योजना होती, अर्ज होता. अर्जात "पती/पत्नीचा आधार क्रमांक" असा रकाना, समोर लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ही ओळ खात्याने सांगितली, आमच्या बिझनेस ॲनालिस्टने एसआरएसमध्ये, म्हणजे सिस्टीमने काय काय करायचं ते लिहिलेल्या कागदात, लिहिली, अधिकाऱ्याने दोनशेच्या वर पानांच्या त्या बाडावर सही केली आणि व्हॅलिडेशन मी लावलं. बारा आकडे पुरे झाले नाहीत तर 'पुढे' चं बटन उघडत नाही, मला आठवतं ते पहिल्याच फटक्यात चाललं म्हणून मी खूश होते. वैवाहिक स्थितीच्या ड्रॉपडाऊनमध्ये दोनच ऑप्शन, विवाहित आणि अविवाहित. विधवा नाही. नवऱ्याने टाकलेली नाही.

मी यवतमाळची आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचं नाव देशाला कळलं त्या जिल्ह्याची. आमच्या गल्लीत अशी दोन घरं आहेत, लहानपणापासून बघते आहे. आणि तीन हप्ते तो फॉर्म माझ्या स्क्रीनवर होता तरी मला सुचलं नाही. टेस्टरला सुचलं नाही, तो चेन्नईचा. सही करणाऱ्या साहेबांना सुचलं नाही. पण मला न सुचणं हे मला अजून खुपतं, कारण त्यावर माझ्याकडे काही उत्तर नाही, फक्त एवढंच की मी तेव्हा गाव डोक्यात घेऊन बसलेच नव्हते, मी एसआरएस डोक्यात घेऊन बसले होते. आणि याचसाठी मी म्हणते की गावाकडची पोरं कंपनीत घेतली की गावाचं भान आपोआप येतं वगैरे गोष्टींवर विसंबू नका. नाही येत. मी पुरावा आहे.

गो-लाइव्ह झालं, म्हणजे पोर्टल लोकांसाठी सुरू झालं. केक कापला. मग हेल्पडेस्कला तक्रारींची तिकिटं यायला लागली, पण वाटली तेवढी नाही आली, कारण खिडकीवरच्या पोरांनी तोवर जुगाड काढला होता. विधवा बाई आली की 'अविवाहित' निवडायचं, रकाना गायब, अर्ज पुढे. पुढे छाननीत तो अर्ज रेशनकार्डाशी जुळेना, रेशनकार्डावर दोन लेकरं, अर्जावर अविवाहित, अर्ज बाद. दिवाळीला घरी गेले तर आमच्या गल्लीतली काकू अंगणात बसून हसत हसत सांगते, "पोरी, कंपुटरमंदी मी आता बिनलग्नाची हावो म्हणते." सगळ्या बाया हसल्या. मी चहा घ्यायच्या निमित्ताने आत गेले.

दुरुस्ती किती मोठी होती? ड्रॉपडाऊनमध्ये दोन ओळी आणि व्हॅलिडेशनमध्ये एक अट, टेस्टिंग धरून माझं अर्ध्या दिवसाचं काम. पण हा दोष की चेंज रिक्वेस्ट, यावर मेलामेली सुरू झाली. आमचं म्हणणं, सही झालेल्या एसआरएसप्रमाणे बनवलंय, आता बदल पाहिजे तर वेगळे पैसे. खात्याचं म्हणणं, हे तुम्हाला कळायला पाहिजे होतं. कागदाने बघितलं तर आमचं बरोबर होतं. दोन महिने गेले. अर्ध्या दिवसाच्या बदलाचा 'इम्पॅक्ट' काढायला चार माणसांचे तास लागले आणि ते सगळे तास बिलेबल होते, त्यातले सहा माझे, त्या हप्त्याच्या टाइमशीटमध्ये माझे टक्के चांगले आले होते.

आता यूएटी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यूएटी म्हणजे यूजर ॲक्सेप्टन्स टेस्टिंग, ज्याच्यासाठी सिस्टीम बनवली त्याने ती वापरून बघायची आणि चालते, घेतली, अशी सही द्यायची. त्या सहीवर कंपनीच्या पैशाचा मोठा हप्ता निघतो. आमची यूएटी झाली तीन दिवस, मुख्यालयात, एसीत, इंटरनेट इतकं जोरात की पान उघडायच्या आधी उघडत होतं. टेस्ट डेटा आम्हीच बनवलेला, 'टेस्ट पाटील एक', 'टेस्ट पाटील दोन', सगळ्यांचं नाव आधारवर, सातबारावर आणि बँकेत एकसारखं. आमच्याकडे असा माणूस दाखवा बरं. आधारवर 'विठ्ठलराव', सातबारावर 'विठोबा', बँकेत इंग्रजीत एक टी की दोन टी ते त्या दिवशीच्या क्लार्कवर. आणि अंगठे कोणाचे? आमचे. कीबोर्डवर बोटं चालवणाऱ्यांचे, मऊ, मशीन एका दमात घेणारे. कापूस वेचणाऱ्या बाईचा हात बघा कधी दिवाळीच्या नंतर, वाळल्या बोंडाची टोकं लागून बोटांच्या शेवटांना चिरा पडलेल्या असतात, त्यावर मशीन तीनदा, चारदा, पाचदा लाल लाइट दाखवतं आणि खिडकीवरचा पोरगा म्हणतो, "काकू, हात धुऊन या." हात स्वच्छच असतात तिचे. ज्याच्यासाठी सिस्टीम बनवली तो माणूस त्या खोलीत नव्हता आणि त्याच्या नावाने सही झाली.

हे सगळं टाळता येतं हे मी हवेत बोलत नाही, महाराष्ट्रातच करून बघितलेलं आहे. २०१७ ची कर्जमाफी आठवा, ३४,०२२ कोटींची, दीड लाखापर्यंतची. त्यात ऑनलाइन अर्ज कास्तकाराने भरायचा, बायकोसकट सेतूवर जायचं, अंगठे द्यायचे. रात्र-रात्र लोक केंद्रांवर बसले होते, मुदत वाढवावी लागली, याद्या आल्या तर त्यात घोळ निघाले, विरोधकांनी बोंब मारली ते राजकारण सोडा पण घोळ होता. मग २०१९ च्या डिसेंबरात दुसरी कर्जमाफी जाहीर झाली, महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची, दोन लाखांपर्यंतची, आणि यावेळी गणित उलटं मांडलं. अर्जच नाही. बँकांनी माहिती चढवायची, यादी गावात लावायची, कास्तकाराने फक्त जाऊन आपला आकडा बरोबर आहे का बघून अंगठा द्यायचा. आणि माझ्या मुद्द्याची गोष्ट म्हणजे २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी आली ती फक्त ६८ गावांची होती, प्रत्येक जिल्ह्यातून दोन गावं, १५,३५८ शेतकरी. आधी तिथे चालवून बघितलं, आणि फेब्रुवारी संपायच्या आत लाखोंची दुसरी यादी आली. गावात टेस्टिंग करायला वेळ कुठे आहे असं जे मला मीटिंगांमध्ये सांगितलं जायचं त्यांना हे दाखवावंसं वाटतं, वेळ लागला तो एवढा, एका हप्त्याच्या आसपास. ती योजना काही सोन्याची नव्हती, नियमित फेडणाऱ्यांचे ५० हजार २०२२ उजाडेपर्यंत अडकले, दोन लाखांच्या वरचे तसेच राहिले. पण ते धोरणाचं दुखणं. खिडकीवर माणूस दिवसभर ताटकळला नाही हे मी आमच्या गावात डोळ्यांनी बघितलं आहे.

दुसरं उदाहरण पासपोर्टचं. परराष्ट्र मंत्रालयाने २००८ मध्ये टीसीएसशी करार केला, आधी बेंगळुरू-चंदीगडकडच्या मोजक्या केंद्रांवर चालवून बघितलं, मग देशभर नेलं. पासपोर्ट काढलेला कोणीही सांगेल, पहिला 'ए' काउंटर कंपनीच्या माणसांचा, पुढचे 'बी' आणि 'सी' सरकारी. म्हणजे ज्या कंपनीने सिस्टीम बनवली तिचाच माणूस रोज समोरच्याची कटकट ऐकतो. स्क्रीन अडकली तर शिव्या त्यालाच पडतात, आणि त्या संध्याकाळपर्यंत कंपनीत पोचतात. पासपोर्ट शहरातल्या, शिकलेल्या माणसालाही लागतो, म्हणून तिथे एवढी काळजी घेतली का, हा माझ्या मनातला खवचट प्रश्न आहे, तो सोडून देते.

आणि बाहेर सगळं आबादीआबाद आहे अशातली बाब नाही. अमेरिकेच्या आरोग्य विम्याचं पोर्टल १ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झालं तेव्हा पहिल्या दिवशी किती लोकांची नोंदणी पुरी झाली माहीत आहे? सहा. लाख नाही, हजार नाही, सहा माणसं. ब्रिटनच्या पोस्टात फुजित्सूची होरायझन नावाची सिस्टीम १९९९ पासून बसवली, हिशेबात नसलेली तूट दाखवायला लागली, आणि पोस्ट चालवणारी साधी माणसं चोर ठरली, नऊशेच्या वर लोकांना शिक्षा झाल्या, काही जेलात गेले. २०२४ मध्ये तिथल्या संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. त्या लोकांना काय सांगितलं जात होतं, तर बाकी कोणाची तक्रार नाही, तुमचंच चुकतंय. हे वाचलं तेव्हा मला आमचा सेतूवालाच आठवला. त्यालापण हेल्पडेस्क दरवेळी हेच सांगते, "सर, आमच्याकडून सिस्टीम ओके आहे, एंट्री चेक करा."

पण त्याच ब्रिटनने एक मजेदार नियमपण केला होता. २०११ मध्ये त्यांनी सरकारात स्वतःचा डिजिटल विभाग काढला, स्वतःचे इंजिनिअर ठेवले, आणि २०१४ पासून लागू केलेल्या नियमावलीत शेवटी शेवटी एक कलम घातलं की सेवा सुरू करण्याआधी त्या खात्याच्या मंत्र्याने ती स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वापरून बघायची. मला तर हे चित्र फार आवडतं. पालकमंत्री आमच्या बस स्टँडमागच्या दहा बाय बाराच्या खोलीत, हातात सातबारा, आठ-अ, पासबुकाची झेरॉक्स, समोर गोल-गोल फिरणारं चक्र, आणि मागून कोणीतरी ओरडतंय, "ओ भाऊ, लवकर करा ना, आमची काळीपिवळी सुटते."

यावर माझ्याच जुन्या टीममधले लोक काय म्हणतात ते माहीत आहे, कारण मीपण तेच म्हणायचे. एक, आम्हाला एसआरएस दिला तसं बनवलं, बाकी खात्याचं काम. मान्य. मग स्वतःला कन्सल्टंट कशाला म्हणता? गवंडीसुद्धा घरमालकाने मोरीचा उतार उलटा सांगितला तर थांबून विचारतो, आणि तो रोजाने येतो, त्याचा रेट कार्ड नसतो. दोन, सरकारी इंजिनिअरांनी तरी कोणते दिवे लावले? हापण खरा प्रश्न आहे. एनआयसी, म्हणजे केंद्र सरकारची स्वतःची कॉम्प्युटरची संस्था, १९७६ पासून आहे, त्यांनी पुष्कळ चांगलं केलं, काही पोर्टलं अशी केली की बघवत नाहीत. मी फर्म काढून टाका म्हणत नाही आहे. खात्यात स्वतःचा एक तरी इंजिनिअर असा पाहिजे जो आमचा कोड उघडून वाचू शकेल आणि म्हणू शकेल की बाई, ही लाल चांदणी कशाला? तो नसला की एका फर्मचं काम तपासायला दुसरी फर्म बसते, आणि ते दोघं एकमेकांना फार त्रास देत नाहीत, उद्या जागा उलट-सुलट होऊ शकतात हे दोघांनाही माहीत असतं.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तोच खरा. गावात जायचा खर्च कोण देणार? एक कंपनी तो धरेल, दुसरी धरणार नाही, दुसरीचा रेट कमी येईल, काम तिला जाईल. एकदम बरोबर. म्हणून तो खर्च कंपनीच्या मर्जीवर ठेवायचाच नाही. बांधकामाच्या टेंडरमध्ये जशी प्रोव्हिजनल सम असते, सगळ्या बोलीदारांना एकच ठरलेली रक्कम, तशी 'गावातली चाचणी' म्हणून एक ओळ प्रत्येक टेंडरमध्ये छापून द्या. जिल्ह्यातून दोन गावं, त्यातलं एक असं जिथे टावर धड लागत नाही. वेळ नोव्हेंबरात, वेचणी चालू असताना, जून-जुलैत नको. अर्ज करणारी माणसं खरी, त्यांची कागदं खरी, नावातले घोळ खरे. सही साहेबांची राहू द्या, पण त्यासोबत खिडकी चालवणाऱ्याची आणि ज्या गावात चाचणी झाली त्या ग्रामसभेचीपण पाहिजे. अपटाइम मोजायचा तर वर्षभराचा सरासरी आकडा न लावता शेवटच्या सात दिवसांचा वेगळा मोजा आणि डेटा सेंटरमध्ये न मोजता खिडकीवर मोजा, पावती हातात पडायला किती मिनिटं लागली ते. कंपनीला मी नऊ वर्षं आतून ओळखते, तिला लाज वाटून ती गावात जाणार नाही, पण टाइमशीटला कोड मिळाला तर उद्या सकाळच्या ट्रॅव्हल्सने माणसं पाठवेल, आणि लॅपटॉप, पॉवर बँक, फील्ड टीमचे टी-शर्ट सगळं घेऊन पाठवेल.

गेल्या नोव्हेंबरात मी बाबांना घेऊन सेतूवर गेले होते, एक नोंदणी अडकली होती. खिडकीवर जो पोरगा बसतो तो बारावीनंतर आयटीआय केलेला, बावीस-तेवीसचा असेल. त्याच्याजवळ एक दोनशे पानी वही असते. मी सहज मागितली. प्रत्येक योजनेला एक पान, त्यात तारीख, काय एरर आला आणि काय केलं म्हणजे चालतं. "नाव इंग्रजीत टाकताना मधात दोन स्पेस दे." "गट नंबरात तिरपी रेघ असली तं डॅश टाक." "दुपारी १ ते ४ करू नको, ओटीपी येत नाही." "म्हाताऱ्या माणसाचा डाव्या हाताचं मधलं बोट पहिले." आणि एका पानावर, लाल पेनाने, "विधवा बाई असली तं अविवाहित कर", त्याखाली दुसऱ्या तारखेला, "नको करू. रिजेक्ट होते."

मी नऊ वर्षांत इतका चांगला टेस्ट रिपोर्ट पाहिला नव्हता. हे त्याला सांगितलं तर तो लाजला, म्हणाला, "काहीचे काही सांगता ताई." ते लाल पेनाचं पोर्टल मीच बनवलं होतं हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. वहीचे फोटो काढायला लागले तर बाहेरची रांग कुरकुरायला लागली, बाबा म्हणाले, "आवर लवकर, लोकं खोयंबून राह्यले." तेव्हा तो म्हणाला, "घेऊन जा ना वही, घरी निवांत काढा फोटो. सकाळी वापस द्या मात्र, उद्यापासून केवायसी सुरू होते."